हरल्यानंतरची तलवार

आम्हां नगरकरांना तलवार म्हटली की चांदबिबी आठवते. १५९५-९६च्या वेढ्यात तिने नगरचा भुईकोट मोगलांपासून राखला. पुढे १६०० साली, फितुरीच्या आळावरून, स्वकीयांनीच तिचा जीव घेतला.

हीच स्मृती मनात ठेवून आम्ही २६ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमधील भवानी देवीची तलवारबाजी पाहिली. ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. 'सेबर' प्रकारातला पहिला सामना तिने १५-३ असा जिंकला. दुसऱ्यात फ्रान्सच्या मानों ब्रुनेने तिला १५-७ असे हरवले. त्यानंतर तिने देशवासीयांची क्षमा मागितली, आणि आम्ही अस्वस्थ झालो. जिथे पाते टेकताच रक्त येत नाही, नुसता दिवा लागतो, तिथे हरण्यात अपराध कोणता? किल्ला पडल्याचे दुःख आम्हीच तर त्या गुणफलकावर लादत नव्हतो?

२०२३ साली चीनमधील वूशी येथे आशियाई स्पर्धेत जगज्जेत्या मिसाकी एमुराला नमवून तिने कांस्यपदक मिळवले. पराभवानंतर पुन्हा तलवार उचलण्याची ही मुभा चांदबिबीला मिळाली नव्हती. खेळाचे मोठेपण आम्हांला पदकापेक्षा या मुभेत अधिक दिसते.