भावाबहिणीतला कागद

आम्ही पेशाने उर्दू शाळेतले शिक्षक. बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकलो, मूल्यमापन शिकलो. पण कुणी धंद्यासाठी दोन लाख रुपये दिले तर ते कर्ज की भागीदारी, हे कुठल्याच पेपरात नव्हते. ते आमच्याच घराने शिकवले, आणि फी जबर घेतली.

२०१९च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या पत्नीच्या हातचा मसाला रत्नागिरीत नातेवाइकांच्या घरोघर जायचा. आखातात निघालेल्या प्रत्येकाच्या बॅगेत त्याचा एक पुडा असायचाच. तिने ठरवले, आता विकायचा. आम्ही जिल्हा परिषदेच्या नोकरीत; परवानगीवाचून आम्हाला खाजगी धंदा करता येत नाही. तेव्हा सगळे तिच्या नावाने करायचे ठरले. (खरे तर ते होतेच तिचे. नियम आडवा आला नसता तर आम्ही पाटीवर आपले नाव लावले असते, हे कबूल करतो.)

सरकारी कागदांची धास्ती होती, ती फोल ठरली. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली एवढ्या छोट्या उत्पादकाला परवाना नव्हे, फक्त नोंदणी लागत होती, वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी क्रमांक मिळाला. पाकिटावर तो क्रमांक, नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापली. जीएसटीची मर्यादा मालासाठी त्याच वर्षी ४० लाखांच्या उलाढालीवर गेली होती. आम्ही तिच्या पायथ्याशीही नव्हतो.

अडले ते भांडवलावर. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज होते, पण व्याज आले म्हणून पत्नी बँकेच्या पायरीवरूनच परतली. तेव्हा तिचे थोरले भाऊ कुवेतहून फोनवर म्हणाले, "दोन लाख पाठवतो. चालला धंदा तर मला बघ, नाही चालला तर नाही."

आम्ही सगळे गहिवरलो. या एका वाक्यात तीन वेगवेगळे करार आहेत, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आले नाही.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. मसाल्याचा हंगाम एप्रिल-मे. डंक बंद, मिरची उशिरा आली, ती नीट सुकण्याआधी पाऊस आला आणि पोत्यांतच बुरशी धरली. निम्मे भांडवल तिथेच गेले. तिकडे मेहुण्यांची नोकरी सुटली आणि ते घरी परतले. काही महिन्यांनी म्हणाले, निम्मा धंदा माझा. पत्नी म्हणाली, पैसे उसने होते, जमेल तसे फेडीन. सासूबाई म्हणाल्या, भावाने बहिणीला दिलेले, त्याचा हिशेब कसला! तिघेही प्रामाणिक होते. २०२१च्या रमजान ईदला मेहुण्यांकडचे कुणी शीरखुर्म्याला आले नाही.

एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बुरशी लागलेल्या मिरचीचा तोटा कुणाचा?" भागीदारी असेल तर, वेगळे ठरलेले नसल्यास, १९३२चा कायदा नफ्यासारखाच तोटाही सारखा वाटतो. उसने असतील तर तोटा धंदेवाल्याचा, पण मग देणाऱ्याला नफ्यात वाटाही नाही. आम्ही चमकलो, कारण फिकहमध्येही हाच प्रश्न आहे. तोट्याची जोखीम घेणाऱ्याला नफा हलाल. मुद्दल शाबूत ठेवून वर काही मागितले तर त्याचे नाव व्याज. बँकेच्या पायरीवरून टाळून आलेली गोष्ट आमच्या माजघरात येऊन बसली होती, आणि आम्ही तिला नाते म्हणत होतो.

कुराणातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरहमधली २८२वी, मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचे आणि साक्षीदार ठेवायचे. दर रमजानात आम्ही ती पढत आलो. वर्गात पोरांना "नीट लिहा" म्हणून ओरडत आलो. पण मेहुण्यांकडून साधी ओळ लिहून घ्यायची आम्हाला लाज वाटली होती. आपल्याकडे कागद मागणे म्हणजे भरवसा नसणे, असा समज आहे. आमचाही होता.

ऑक्टोबर २०२१मध्ये बसलो. तोट्यात अर्धा वाटा घ्यायची मेहुण्यांची तेव्हा ऐपत नव्हती, ते त्यांनी मान खाली घालून सांगितले. ते ऐकणे भांडणापेक्षा जड गेले. मग ठरले, पैसे कर्जे हसना. दोन लाख, दरमहा ५ हजार, वर एक पैसा नाही. मुद्रांकावर लिहिले, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. सासूबाई दुसऱ्या खोलीत जाऊन रडल्या.

चाळीस हप्ते झाले. शेवटचा जानेवारी २०२५मध्ये. मेहुणे म्हणाले, "हा राहू दे, पोरांना खाऊ आण." पत्नीने पावतीपुस्तक पुढे सरकवले. "सही करा, भाईजान."

त्यांनी सही केली. जाताना मसाल्याची दोन पाकिटे घेतली. त्याचे पैसे दिले की नाही, हे आम्ही विचारले नाही.