नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी आणि आमचा कॅमेरा

हिवाळा लागला की निफाडची थंडी रोज वर्तमानपत्रात येते. पारा किती खाली गेला, द्राक्षबागांत शेकोट्या कशा पेटल्या, याच्या बातम्या आपण वाचतो. त्याच थंडीत निफाड तालुक्यात दूरदेशीचे पाहुणे उतरतात. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, त्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर हजारो पक्षी मुक्कामाला असतात. नाशिकहून हे अंतर साधारण ४० किलोमीटर. तरीही नाशिकमध्ये जन्म घालवलेली कितीतरी घरं तिथे एकदाही गेलेली नाहीत. आमचंही घर त्यातलंच होतं.

मागच्या वर्षी पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत फक्त मोबाइल होता. लेकीने शंभरेक फोटो काढले आणि घरी येताच ते दादाजानना दाखवायला धावली. अब्बांनी चष्मा पुसला, मोबाइल जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "बेटा, पाण्यावर हे काळे मिरे कुणी सांडले?"

आम्ही सगळे हसलो, पण लेकीचा चेहरा उतरला. अब्बांचं बालपण गोदाकाठच्या एका खेड्यात गेलेलं. लहानपणी थंडीत नदीवर जोडीने फिरणारे नारिंगी रंगाचे चक्रवाक पाहिल्याचं ते नेहमी सांगतात. आता गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही, निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या तर चढवतच नाहीत. त्यांना चक्रवाक दाखवायचा, म्हणून घरात कॅमेऱ्याचा विषय निघाला.

भिशीचा नंबर नुकताच लागला होता. त्यातली मोठी रक्कम लेकीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवली. उरलेल्या पैशांत कॅमेरा बसवायचा होता. शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने डीएसएलआर हातात दिला. तो वजनदार, रुबाबदार होता. गळ्यात अडकवला की माणूस छायाचित्रकारच वाटावा. सोबत १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स होती. "पक्ष्यांसाठी मोठी लेन्स वेगळी घ्यावी लागेल," तो म्हणाला, "पण काळजी करू नका, हप्ते करून देतो."

हप्त्यांवर व्याज होतं. व्याजाच्या पैशांनी गरजही भागवायची नाही, हे आमच्या घरात ठरलेलं. इथे तर नुसती हौस होती. विचार करून सांगतो म्हणून उठलो. लेक रस्ताभर गप्प होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत चित्रकलेच्या सरांना विचारलं. त्यांनी किंमत विचारली नाही, कंपनीही विचारली नाही. एवढंच विचारलं, "फोटो कशाचे काढणार?" मग मधल्या सुट्टीत फळ्यावर आकृती काढून त्यांनी आम्हाला सगळं समजावलं.

डीएसएलआरची लेन्स बदलता येते. जशी गरज तशी लेन्स लावायची. पण सोबत मिळणारी लेन्स घरातल्या माणसांचे आणि निसर्गदृश्यांचे फोटो काढण्यासाठी असते. दूरचा पक्षी तिच्यात ठिपकाच राहतो. पक्ष्यांसाठी लोक १५०-६०० सारखी लेन्स लावतात. तिचं एकटीचंच वजन दोन किलोच्या आसपास असतं आणि किंमत बहुतेक वेळा कॅमेऱ्यापेक्षा जास्त.

ब्रिज कॅमेरा या दोन्हींच्या मधला. साधा खिशातला कॅमेरा आणि डीएसएलआर यांना जोडणारा पूल, म्हणून त्याचं नाव ब्रिज. त्याची लेन्स कायमची बसवलेली असते, बदलता येत नाही. पण एकाच लेन्समध्ये जवळचं आणि खूप लांबचं दोन्ही टिपता येतं. २०१५ साली आलेल्या निकॉन पी ९०० मध्ये ८३ पट झूम आहे. त्याची पोच फिल्म कॅमेऱ्याच्या मापात २००० मिलिमीटरपर्यंत जाते आणि वजन एक किलोही नाही. त्याच मापात डीएसएलआरसोबतच्या लेन्सची पोच जेमतेम ८० ते ९० मिलिमीटर भरते.

"मग डीएसएलआर घेतंच कोण?" लेकीने घरी विचारलं. याचंही उत्तर सरांनी देऊन ठेवलं होतं. फोटो प्रकाशाने बनतो आणि तो प्रकाश झेलणारा भाग म्हणजे सेन्सर. बहुतेक ब्रिज कॅमेऱ्यांचा सेन्सर नखाएवढा छोटा असतो. नेहमीच्या डीएसएलआरचा सेन्सर क्षेत्रफळात त्याच्या सुमारे बारा पट मोठा. म्हणून संध्याकाळी, ढगाळ हवेत किंवा लग्नाच्या मंद उजेडाच्या हॉलमध्ये ब्रिज कॅमेऱ्याचा फोटो दाणेदार, फिकट येतो. उडता पक्षी टिपायलाही डीएसएलआर अधिक चपळ. निकाहचे फोटो काढून चार पैसे कमवायचे असतील, तर ब्रिज घेऊ नये. पण दिवसाच्या उन्हात पाण्यावर बसलेला पक्षी पाहायचा असेल आणि खिसा मर्यादित असेल, तर दुसरीकडे बघायचं कारण नाही.

आम्ही वापरलेला पी ९०० घेतला. घेण्यापूर्वी दुकानातच झूम पूर्ण बाहेर काढून आत घेतला, लेन्सवर बुरशी आहे का ते उजेडात पाहिलं आणि समोरच्या इमारतीवरची पाटी टिपून पाहिली. रोख पैसे दिले. कर्ज नाही, हप्ता नाही.

या डिसेंबरात एका रविवारी फजरची नमाज पढून निघालो. या वेळी अब्बाही सोबत. चांदोरीवरून सायखेड्याकडे वळलो तेव्हा गोदावरीवर धुकं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, कांदा आणि द्राक्षबागा. चापडगावला अभयारण्याच्या दारात गाडी उभी केली.

इंग्रजांच्या काळात शेतीला पाणी देण्यासाठी इथे बंधारा बांधला. वर्षानुवर्षे त्यात गाळ साचत गेला. उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या, आणि नेमकं हेच पक्ष्यांना हवं असतं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. २०१९ मध्ये हे ठिकाण रामसर यादीत गेलं; महाराष्ट्रातून हा मान मिळालेली ही पहिली पाणथळ जागा. गावातलेच तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात. आमच्या मार्गदर्शकाने थापट्या, तलवार बदक, मोर शराटी, चित्रबलाक अशी नावं भराभर सांगितली आणि लेकीने ती वहीत उतरवली.

अब्बा खाली खुर्चीवर बसले, आम्ही मनोऱ्यावर चढलो. पहिला तास हाती काही लागलं नाही. पूर्ण झूमवर हात जरासा हलला की पक्षी चौकटीबाहेर जातो. सकाळच्या धुक्यात सगळं करडं येत होतं. शेजारी एक तरुण मोठी लेन्स लावून उडत्या खंड्याचे सुरेख फोटो काढत होता. लेक त्याच्या कॅमेऱ्याकडे पाहत होती, ते आमच्या लक्षात आलं. आम्ही काही बोललो नाही.

नऊच्या सुमारास ऊन आलं. लेकीने कॅमेरा कठड्यावर टेकवला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. समोरच्या बेटावर चक्रवाकांची जोडी होती. ती धावत खाली गेली. अब्बांनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माशाअल्लाह. मादीचं डोकं जरा फिकट असतं, बघ. आम्ही यांना यांच्या आवाजावरून ओळखायचो." लेकीने तेही वहीत लिहिलं.

घरी परतताना आम्हाला डॉ. सालिम अलींची आठवण झाली. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला, ती कोणती हे विचारायला. तिथून त्यांचा उभ्या आयुष्याचा प्रवास सुरू झाला. त्या दिवशी त्यांच्याकडे होता तो एक प्रश्न.

सूरह मुल्कमध्ये अल्लाह आपल्याला डोक्यावर पंख पसरून उडणाऱ्या पक्ष्यांकडे पाहायला सांगतो. ते पाहणं कोणत्याही कॅमेऱ्याशिवाय होतं. कॅमेरा घ्यायचाच असेल, तर आधी आपल्याला काय पाहायचं आहे ते ठरवावं, मग आपली ऐपत पाहावी आणि शेजाऱ्याच्या गळ्यात काय आहे ते सगळ्यात शेवटी. लेकीच्या वहीत त्या दिवशी २७ नावं झाली. इन्शाअल्लाह, फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरलं आहे, आणि अब्बांनी आत्तापासूनच गाडीतली पुढची जागा मागून ठेवली आहे.