दिवस भरल्यावर



आमच्या मंडळीत गरोदर बहिणींच्या घरी भेटी देण्याचे काम आम्ही काही जणी करतो. बेळगाव शहरात आणि आसपासच्या खेड्यांत आमचे जाणे असते. नववा महिना सरत आला की प्रार्थनेची विनंती बहुधा एकच असते : "ताई, तारीख उलटली, अजून कळा नाहीत. प्रार्थना करा." मग थोड्या हळू आवाजात दुसरा प्रश्न येतो : "कळा लवकर याव्यात म्हणून घरात काही करता येईल का?"

घरात प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. सासूबाई एरंडेल काढून ठेवतात. शेजारीण खजूर आणि दुधात तूप सांगते. कोणी म्हणते, ओळखीच्या कंपाउंडरला बोलावून इंजेक्शन घ्या. आणि एखादे विश्वासू माणूस कळकळीने म्हणते, "देवाने दिले आहे, देवच वेळेवर बाहेर आणील. औषधाने कळा आणणे म्हणजे अविश्वास." या सगळ्यांच्या मध्ये ती मुलगी बसलेली असते. पाय सुजलेले, झोप नाही, आणि मनात भीती की आपल्यातच काही उणे आहे का.

तिला आम्ही आधी तारखेविषयी सांगतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून ती तारीख काढलेली असते. तो अंदाज आहे. नेमकी त्याच दिवशी फार थोडी बाळे जन्मतात. ३७ ते ४२ आठवड्यांत केव्हाही बाळ येऊ शकते, आणि पहिलटकरणीला थोडा उशीर होणे नवल नाही. तारीख गेली म्हणून आईचे काही चुकले नाही, आणि आमच्या प्रार्थनाही वाया गेल्या नाहीत. आपली भाषा किती छान बोलते पाहा : दिवस भरले. अलीशिबेचे दिवस भरले, बेथलेहेमात मरीयेचे दिवस भरले, असे लूक सांगतो. भांडे थेंबाथेंबाने भरते तसे.

आता घरगुती उपायांविषयी. चालावे, पण दमेपर्यंत नव्हे. चालण्याने कळा हमखास सुरू होतात असे नाही, पण अंग मोकळे राहते आणि मनही हलके होते. खजुरावर काही छोटे अभ्यास झाले आहेत. शेवटच्या महिन्यात रोज सहा-सात खजूर खाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशवीचे तोंड बाळंतपणाच्या वेळी जास्त तयार आढळले. साखरेचा त्रास नसेल तर खायला हरकत नाही. दूध-तूप अन्न म्हणून चांगले, त्याने कळा येतील अशी आशा मात्र धरू नये. एरंडेलाने पोटात मुरडा येतो, जुलाब आणि उलट्या होतात, आणि ऐन कष्टाच्या आधी आई गळून जाते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, असे आम्ही सासूबाईंना हात जोडून सांगतो.

घरी घेतलेल्या इंजेक्शनाला मात्र आम्ही साफ नाही म्हणतो. त्यात असते ऑक्सिटोसिन. आईच्या शरीरात देवाने ठेवलेला हाच रस कळा आणतो आणि पुढे दूधही उतरवतो. १९०६ साली हेन्री डेल यांना त्याचा गर्भाशयावरील परिणाम दिसला, आणि १९५३ साली विन्सेंट डू विन्यो यांनी तो प्रयोगशाळेत तयार केला. दवाखान्यात तो सलाइनमधून थेंब मोजून देतात, बाळाचे ठोके ऐकत देतात. कळा फार जोरात आल्या तर थेंब लगेच कमी करता येतात. दंडात एकदम टोचलेले इंजेक्शन परत काढता येत नाही. कळांना उसंत मिळाली नाही तर बाळाचा श्वास कोंडतो आणि गर्भाशय फाटू शकते. आधी सिझेरियन झालेल्या बहिणीला हा धोका अधिक.

दवाखान्यात आणखीही मार्ग आहेत. तपासताना डॉक्टर बोटाने पाण्याच्या पिशवीचे पडदे गर्भाशयाच्या तोंडापासून अलगद सोडवतात. थोडे दुखते, पण पुष्कळदा त्याने कळा आपोआप सुरू होतात. कधी छोटा फुगा असलेली नळी घालून तोंड उघडतात, कधी मिसोप्रोस्टॉलची बारीक मात्रा देतात. रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर स्त्रियांवर नागपुरात या दोन उपायांची तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आपल्याच बायकांवर पारखलेले हे उपाय आहेत.

मग थांबायचे किती? तारखेची खात्री असेल आणि ४१ आठवडे पूर्ण झाले असतील तर कळा आणाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानंतर वार थकू लागते, आणि बाळ पोटातच दगावण्याचा धोका हळूहळू वाढतो. रक्तदाब, साखर, बाळाची वाढ खुंटणे किंवा पाणी जाणे यांमुळे डॉक्टर त्याआधीही सांगू शकतात. उलट, काही कारण नसताना सोयीचा दिवस किंवा शुभ मुहूर्त पाहून ३९ आठवड्यांपूर्वी घाई करणेही बरे नाही.

हा अविश्वास आहे का? हिज्कीया राजाची आठवण करू या. यरुशलेमाला शत्रूने वेढले तेव्हा त्याने यशयाला निरोप पाठवला की आमची दशा बाळ येण्याची वेळ झाली पण आईत बळ उरले नाही अशी झाली आहे. बाळंतिणीचे दुःख जाणणारा राजा! पुढे तोच मरणाच्या दारी पडला. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली आणि आयुष्याची १५ वर्षे वाढवून दिली. आणि त्याच संदेष्ट्याने अंजिरांचा लेप गळवावर बांधायला सांगितला. देवाने वचन दिले होते, तरी लेप बांधला गेला. त्याने वचन लहान झाले नाही.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातही असा एक लेप सापडला, असे आम्हांला वाटते. २००२ ते २००५ या काळात इथल्या खेड्यांतील १,६२० बायकांवर अभ्यास झाला. बाळ जन्मल्याबरोबर नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलची ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा दिली, आणि अतिरक्तस्रावाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हे औषध कळा आणायला तोंडाने देतात तेव्हा एका वेळची मात्रा फक्त २५ मायक्रोग्रॅम असते. औषध एकच, मात्रा चोवीस पट वेगळी. म्हणूनच दुकानातून गोळी आणून घरी देऊ नये.

वाट पाहताना ताई कार्ड आणि पिशवी तयार ठेवा. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेले, रक्त दिसले, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उपासना संपायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि निघा. प्रार्थना गाडीतही होते, आणि आम्ही ती इकडे चालूच ठेवू.

मंडळीलाही एक विनंती. "अजून नाही का झाले?" असे तिला रोज विचारू नका. त्यापेक्षा डबा द्या, मोठ्या मुलाला शाळेत सोडा, दवाखान्यात रात्री सोबत थांबा. फारोची आज्ञा मोडून बाळे जगवणाऱ्या शिप्रा व पुवा या सुइणींचे देवाने भले केले. बाळंतिणीजवळ शहाणपणाने उभे राहणाऱ्या हातांवर त्याची नजर असते.

हे प्रभू, ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्या बहिणींना धीर दे. थांबायची वेळ असेल तेव्हा शांती दे आणि निघायची वेळ येईल तेव्हा घरच्यांना शहाणपण दे. डॉक्टर, नर्स आणि आशाताईंचे हात सांभाळ. आई आणि बाळ दोघे सुखरूप घरी येवोत. येशूच्या नावाने मागतो. आमेन.