काब्यांतील करारपत्रें

परवां मृत्युपत्र लिहावयास बसलों आणि खलीफा हारून-अल्-रशीद आठवला. आपल्यामागें अमीन, त्याच्यामागें मामून, आणि तोंवर खुरासान मामूनकडे, अशी व्यवस्था त्यानें इ. स. ८०२ मध्यें मक्केंत लिहविली. दोघां पुत्रांच्या शपथा घेऊन तीं पत्रें काब्यांत ठेवविलीं. इतक्या शपथा घ्याव्या लागल्या, यांतच बापाच्या मनांतली शंका दिसते! ८०९ मध्यें हारून वारला. पुढें वजीर फज्ल बिन रबीच्या सल्ल्यानें अमीननें स्वतःच्या मुलाचें नांव पुढें केलें. तीं पत्रें आणवून फाडविलीं. बगदादला वेढा पडला आणि ८१३ मध्यें अमीन मारला गेला. माझें मृत्युपत्र तर साध्या कपाटांत राहणार! लेखणी खालीं ठेवून मीं दोन्ही मुलांना हांक मारिली.