पळसाच्या पानात थापलेले पानगे

अमेरिकेत परसातल्या शेगडीवर स्मॅश बर्गर नावाचा एक प्रकार करतात. खिम्याचा गोळा कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकायचा आणि उलथन्याने गच्च दाबायचा. गोळा चपटा होतो आणि तव्याला टेकलेली बाजू तांबूस, कुरकुरीत होते. हे करताना कुणाला तरी व्हिडिओत पाहिलं आणि मला आमच्या वऱ्हाडातल्या बाळापूरकडचे कणकेचे पानगे आठवले. तेही दाबून चपटे करायचे आणि उघड्यावर, विस्तवावर भाजायचे. पानगे मी लहानपणापासून पंगतीत बसून खात आलो, पण ते विस्तवात जातात कसे आणि बाहेर येतात कसे, हे कधी पाहिलं नव्हतं. यंदा हिवाळ्यात मामाच्या शेतात बेत ठरला, तेव्हा मी मामीला म्हटलं, या वेळी मला शिकव.

बाळापूर मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलंय. किल्ला त्या दोन पात्रांच्या मध्ये उंचावर उभा आहे. मामाचं शेत मन नदीच्या अंगाला, काळ्या मातीचं. मामीने पहिलं काम दिलं ते बांधावरच्या पळसाची पानं तोडायचं. पळसाला पानं तीनच, ही म्हण मी कितीदा तरी वापरली असेल. पण एका देठावरची ती तीन पानं न्याहाळून पाहिली ती त्या दिवशी. मधलं पान मोठं आणि ऐसपैस, बाजूची दोन जरा तिरकी. मी हिरवीगार, लुसलुशीत पानं निवडू लागलो तशी मामी म्हणाली, ‘‘कोवयं पान आनू नको बापू, विस्तवावर तग धरत नाई.’’ जून पान हाताला चामड्यासारखं लागतं. हिवाळा सरता सरता पळस पानं गाळतो आणि मग लाल-केशरी फुलांनी भरून जातो. पानगे हिवाळ्यातच का करतात, याचं निदान एक कारण मला झाडानेच सांगितलं.

मग पीठ. ते पोळीच्या कणकेसारखं नव्हतं. चिमटीत धरलं तर कण बोटांना टोचत होते. गहू मुद्दाम भरड दळून आणलेला. बारीक पिठाचा जाड गोळा बाहेरून भाजतो आणि आत चिकट राहतो. भरड पिठात वाफेला वाट मिळते, म्हणून तो आतपर्यंत शिजतो. पिठात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन. मोहन म्हणजे पिठाला चोळून लावायचं तेल. त्याने पानगा खुसखुशीत होतो. पीठ भिजवायला मी पाण्याचा तांब्या उचलला. ‘‘पीठ मांगन तेवढंच पानी दे,’’ मामी म्हणाली. पीठ कसं मागतं ते मला कळेना. तिने माझा हात परातीत दाबून धरला. कोरडं पीठ बोटांतून निसटतं, पुरेसं भिजलेलं बोटांना धरून राहतं. पीठ मागतं म्हणजे काय, ते तळहाताला कळलं.

तोवर मामाने गोवऱ्या रचल्या आणि खाली पऱ्हाट्या सारून पेटवल्या. पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. वऱ्हाडात जाळायला त्यांची वाण नाही. भडका उठला. मला वाटलं, हीच वेळ. मामीने हात धरला. ‘‘जायाले भुलू नको. जाय बसू दे, मंग पानगा ठेव.’’ जाळ म्हणजे वर उडून जाणारी आग. तिच्यात कणीक करपते आणि धुराने कडू होते. गोवरीत जनावराच्या पोटात न पचलेला चारा असतो. तो लाकडासारखा भडाभडा न जळता सावकाश धुमसतो, आणि त्याची राख निखाऱ्यावरच साचून धग धरून ठेवते. धूर पार थांबला, गोवऱ्यांवर पांढरी राख चढली, तेव्हा मामीने वरून तळहात धरून पाहिला आणि मान डोलावली. जाळ विझल्यावरच भाजणं सुरू होतं, हे त्या दिवशीचं सगळ्यात मोठं शिक्षण.

आता थापणं. एका पानाला तेलाचं बोट फिरवायचं, त्यावर गोळा ठेवायचा, वरून दुसरं पान झाकायचं आणि तळव्याने मधून कडेकडे दाबत जायचं. मध्यभाग जाड आणि कड पातळ राहिली तर कड करपते, मध्य कच्चा राहतो. कडेला भेग पडली तर राख आत शिरते. वरचं पान उचललं तेव्हा पिठावर पळसाच्या शिरा रेघन् रेघ उमटलेल्या होत्या.

पानासकट पानगे निखाऱ्यांवर गेले, वरून आणखी निखारे पसरले. पान आधी गडद हिरवं झालं, मग तपकिरी, मग कडेने काळं. पान काय करतं, ते नंतर वाचून समजलं. ओल्या कणकेचा पृष्ठभाग, त्यात पाणी असेपर्यंत, 100 अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही. पान ती ओल धरून ठेवतं, त्यामुळे आतलं आधी शिजतं. पान वाळून जळालं की वरची बाजू तापते, आणि साधारण 140 अंशांच्या पुढे पिठातली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी मिळून तांबूस रंग आणि खमंग वास तयार करतात. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये ही क्रिया मांडली. तिला मायार अभिक्रिया म्हणतात, माझ्या भाषेत तांबूसपणाची क्रिया. बर्गरचा खिमा तव्यावर दाबतात तो याचसाठी. तव्याला जितकी बाजू टेकते, तितकी तांबूस होते.

झालं की नाही हे मामी बोटाच्या पेराने ठोकून ओळखते. पोकळ आवाज आला तर झालं, बद्द आला तर पुन्हा गरम राखेत. मी थापलेला पहिला पानगा बद्द वाजला आणि राखेत परत गेला.

चुलीवरच्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती, वरून सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पानगा फोडला, कुस्करला, त्यावर तूप, वरण आणि ती तिखट भाजी. वरचं कवच करकरीत, आतला गाभा मऊ, आणि घासागणिक जळक्या पानाचा मंद वास. हा वास गॅसच्या शेगडीवर येत नाही; त्यासाठी पान जळावंच लागतं.

शेजारी मामी रोडग्यांची तयारी करत होती. तेल लावलेल्या पाऱ्या एकावर एक गुंडाळून केलेला तो गोळा. एकनाथांच्या भारुडात भवानीआईला ज्याचा नवस बोलतात, तोच हा रोडगा. एवढे थर आतपर्यंत कसे भाजतात, मी विचारलं.

‘‘पह्यले पानगा चारी बाजूनं सारखा भाजू दे,’’ मामी म्हणाली, ‘‘मंग रोडग्याचं पाहू.’’