माउसपॅडवरचा समीक्षक

व्हिक्टोरियन काळातली व्यंगचित्रं आता कशावरही छापून मिळतात. कपावर, उशीच्या अभ्र्यावर, माउसपॅडवर. चित्रांचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे ती कुणीही छापावीत आणि कुणीही विकावीत. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांच्या टेबलावर असाच एक माउसपॅड आहे. त्यावर क्लेमंट स्कॉट आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे डोकं मोठं, धड लहान. येणारा-जाणारा हसतो, पण हा माणूस कोण, असं कुणी विचारत नाही.

स्कॉट लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’चा नाट्यसमीक्षक होता. पंचवीसहून जास्त वर्षं त्याने तिथे लिहिलं. त्याच्या शब्दाला वजन होतं. १३ मार्च १८९१ रोजी लंडनच्या रॉयल्टी थिएटरात इब्सेनच्या ‘घोस्ट्स’चा खासगी प्रयोग झाला. खासगी, कारण सेन्सॉरची परवानगी मिळण्यासारखी नव्हती. प्रतिष्ठित घरातलं खोटेपण आणि बापाकडून मुलाला आलेला रोग, असा नाटकाचा विषय. वर्तमानपत्रं तुटून पडली, आणि त्यांत स्कॉट आघाडीवर होता. ‘टेलिग्राफ’ने नाटकाला गटाराच्या आणि उघड्या जखमेच्या पंगतीला बसवलं. इब्सेनचा अनुवादक विल्यम आर्चर याने या सगळ्या शिव्या गोळा करून छापल्या. पुढे बर्नार्ड शॉने त्या इब्सेनवरच्या आपल्या पुस्तकात घेतल्या. स्कॉटची आठवण निघते ती आज मुख्यतः त्यामुळेच.

त्याच दशकाच्या अखेरीस एका मुलाखतीत तो म्हणाला, की रंगभूमीवर काम करणारी बाई चारित्र्य राखूच शकत नाही. नाट्यसृष्टीत संताप उसळला आणि त्याची ‘टेलिग्राफ’मधली कारकीर्द संपली.

हे वाचताना मला गोहरबाई कर्नाटकी आठवल्या. त्या बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत आल्या, बाईच्या भूमिका स्वतः बाईने करायच्या म्हणून उभ्या राहिल्या, गायल्या. पण बोललं गेलं ते त्यांच्या गाण्याबद्दल कमी, त्यांच्या धर्माबद्दल आणि बालगंधर्वांशी असलेल्या नात्याबद्दल जास्त. लंडन काय, महाराष्ट्र काय, बाई रंगमंचावर आली की समीक्षा तिच्या कलेवरून घसरून तिच्या घरात शिरते. बाई मुसलमान असली तर आणखी आत.

व्यंगचित्रकार नाक लांब काढतो, तेव्हा आपण वाढवून काढतोय हे तो लपवत नाही. बघणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. चारित्र्यावर निकाल देणारा मात्र आपलं वाढवलेलं नाक खरं म्हणून खपवतो. दाढी, टोपी, बुरखा एवढ्यावर अख्खी माणसं उरकली जातात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या चित्राखाली ‘हे व्यंगचित्र आहे’ असं कुणी लिहीत नाही.

म्हणूनच स्कॉटवर हसताना मी जरा थांबतो. हाच माणूस १८७१ साली हेन्री आयर्व्हिंगच्या ‘द बेल्स’मागे उभा राहिला होता. तेव्हा आयर्व्हिंगला मोठा नट म्हणायला अजून सगळं लंडन तयार नव्हतं. स्कॉटची पहिली बायको ‘पंच’चा नामवंत चित्रकार जॉर्ज द्यू मॉरिए याची बहीण, म्हणजे व्यंगचित्रांचा धंदा त्याच्या घरातलाच. यातलं काहीही त्या मोठ्या डोक्यात मावलेलं नाही.

सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टर उडवू नका, वाईट टोपणनावं ठेवू नका, अशी ताकीद आहे. कारणही दिलंय: ज्यांना हसता ते तुमच्यापेक्षा बरे असू शकतात. ही ताकीद फक्त आपल्या आवडत्या माणसांपुरती नाही. गोहरबाईंना न्याय मिळावा असं वाटत असेल, तर तो स्कॉटलाही द्यावा लागेल. त्याची मतं चूक होती, ती चूकच म्हणायची. पण अख्खा माणूस एका चित्रात उरकायचा नाही. तो गुन्हा त्याने इतरांच्या बाबतीत केला, एवढं कारण आपण तोच करायला पुरेसं नाही.