पडवीतला दिवा

दर रविवारी हाऊसच्या फोनवर घरी बोलायला प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. माझ्या पाच मिनिटांची सुरुवात ठरलेली असते. मी विचारतो, "सगळं ठीक ना?" आई म्हणते, "सगळं ठीक. तुझं?" मी म्हणतो, "सगळं ठीक." मग जेवण, परीक्षा, पत्र मिळाले का, आणि पाच मिनिटे संपतात.

गेल्या मे महिन्यात सुट्टीला घरी गेलो. बाबा ईएमईत आहेत आणि सध्या त्यांचे पोस्टिंग झाशीला आहे. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने निघालो आणि दुसऱ्या दिवशी 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' अशी पाटी असलेल्या स्टेशनवर उतरलो. क्वार्टरच्या दारात आजी उभी होती. तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होते.

"हे काय?"

"अरे, तीन आठवडे झाले. पडले रात्री. आता बरं आहे."

तीन आठवडे म्हणजे तीन रविवार. तीन वेळा आई मला फोनवर 'सगळं ठीक' म्हणाली होती. मला फार राग आला. आई म्हणाली, "तुझी चाचणी होती. तिथे बसून तू काय करणार होतास?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय फेब्रुवारीत ऑब्स्टॅकल कोर्सच्या भिंतीवरून पडून माझा घोटा आठ दिवस सुजला होता, तेव्हा मीही 'सगळं ठीक'च म्हणालो होतो. हे मी त्या वेळी सांगितले नाही.

आजी कुठे पडली ते मी पाहिले. आमचे क्वार्टर जुने आणि उंच छताचे आहे. आजीच्या खोलीतून बाथरूमकडे जायला एक लांब पडवी आहे आणि तिच्या मधोमध एक पायरी आहे. पडवीत ट्यूबलाइट आहे, पण तिचे बटण दुसऱ्या टोकाला. म्हणजे उजेड करायचा तर अंधारात ती पायरी आधी उतरावी लागते. ट्यूब लागली की सगळे घर जागे होते, म्हणून आजी ती लावतच नव्हती. शिवाय ती म्हणाली, "ती लावली की परत येताना काहीच दिसत नाही रे." हे खरे आहे. भगभगीत उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, हे आपण विज्ञानात शिकलो आहोत. वय वाढले की आणखी वेळ लागतो.

मी जाहीर केले की पडवीसाठी मी स्वतः लाकडी दिवा करणार. बाबा म्हणाले, "सदर बाजारात झिरो बल्ब मिळतो." पण तो लावायचा कुठे? पायरीजवळ सॉकेट नाही आणि सरकारी क्वार्टरच्या भिंतीला भोके पाडायची नाहीत. क्वार्टर सोडताना एकेक खिळा मोजला जातो आणि नुकसानीचे पैसे भरावे लागतात. मात्र पायरीच्या बरोबर वर छताला एक जुनी लोखंडी कडी होती. कधीकाळी तिला कंदील टांगत असतील. दिवा तिथेच टांगायचा हे ठरले.

लाकूड घरातच होते. फौजी घरातल्या मुलांना ते खोके माहीत असेल, ज्यात दर पोस्टिंगला भांडी आणि पुस्तके भरतात आणि ज्याच्या अंगावर नाव, हुद्दा, कुठून आणि कुठे हे रंगाने लिहितात. आमचे एक खोके चार पोस्टिंगे फिरले होते. त्याचा तळ तेजपूरच्या ओलीने कुजला होता, पण बाजूच्या चिडाच्या फळ्या चांगल्या होत्या. बाबांनी ते जरा वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "घे. पण वाया घालवू नकोस."

आता नक्षी. बाबा एका रविवारी सकाळी मला मोटरसायकलवर ओरछाला घेऊन गेले. झाशीपासून ते साधारण सोळा किलोमीटर आहे. झाशीचा किल्ला १६१३ मध्ये ज्यांनी बांधायला घेतला त्या राजा वीरसिंह देव यांनीच तिथला जहांगीर महाल बांधला. त्या महालात दगडी जाळ्या आहेत. बाहेर इतके ऊन होते की डोळे उघडवत नव्हते, पण जाळीच्या आत गार सावली होती आणि जमिनीवर उन्हाचे छोटे छोटे तुकडे पडले होते. जाळी उजेड अडवत नाही, त्याची धार काढून घेते. वाराही आत येऊ देते. मी वहीत जाळी काढून घेतली. घरी येऊन आठ बाजूंचा, ताऱ्यांच्या जाळीचा, चारही बाजूंनी बंद असा झकास दिवा कागदावर काढला. मला वाटले, हा पाहून सगळे थक्क होतील.

तो कागद घेऊन मी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींच्या दुकानात गेलो. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटासुलटा केला आणि एकच प्रश्न विचारला. "लला, बल्ब कैसे बदलोगे?"

मी गप्प. माझ्या दिव्यात हात घालायला जागाच नव्हती.

घरी आईला चित्र दाखवले. ती म्हणाली, "छान आहे. याची धूळ कोण पुसणार?" झाशीत मेमध्ये लू वाहते, आणि वादळ आले की ताटातल्या पोळीवरही धूळ बसते. माझ्या दिव्यात बत्तीस कोपरे होते. आजी म्हणाली, "मला वर बघायचं नाही रे. मला पायरी बघायची आहे. बल्ब डोळ्यांवर आला तर उपयोग नाही." आणि बाबांनी जेवताना विचारले, "पोस्टिंग आली की हा जाणार कसा?"

रात्री मी वहीचे नवे पान उघडले. चित्र काढले नाही. हे चार प्रश्न एकाखाली एक लिहिले. तेव्हा लक्षात आले की आधीच्या चित्रात आजी कुठेच नव्हती. होतो तो मी, दिव्याखाली उभा राहून शाबासकी घेणारा.

नवा दिवा साधा चौकोनी ठरला. वीस सेंटीमीटर रुंद आणि अठ्ठावीस सेंटीमीटर उंच अशा चार चौकटी. प्रत्येक चौकटीत तीन उभ्या आणि चार आडव्या पट्ट्या. आतून ट्रेसिंग पेपर, आपण आकाशकंदिलाला लावतो तसा, म्हणजे बल्ब डोळ्यांवर येणार नाही. खाली दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, जो काडेपेटीसारखा सरकवून बाहेर काढता येईल. बल्ब बदलायचा प्रश्न सुटला आणि धुळीचाही. चारही चौकटी एकमेकींना स्क्रूने जोडायच्या, फेव्हिकॉलने नाही. स्क्रू काढले की सगळा दिवा सपाट होऊन खोक्यात जातो.

पट्ट्या जिथे एकमेकींवरून जातात तिथे दोन्हीत अर्ध्या जाडीची खाच करायची, म्हणजे त्या एका पातळीत बसतात. एका चौकटीत असे बारा छेद, प्रत्येक छेदाला दोन खाचा, चार चौकटी. म्हणजे ९६ खाचा! मी प्रत्येक पट्टी वेगळी मोजून खुणा केल्या आणि दोन दिवस करवत आणि पटाशी चालवली. पहिली चौकट जुळवायला गेलो तर एक पट्टी बसली की दुसरी बसेना. कुठे एक मिलिमीटर, कुठे दीड. हातोडीने ठोकल्यावर एक पट्टी उभी चिरली. मी सगळे उचलून कोपऱ्यात टाकले. आजी पलंगावरून बघत होती. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढण्याआधी, तुकडे घेऊन दुकानात गेलो. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी सगळ्या उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, टोके सारखी केली, शिकंजात आवळल्या आणि गुण्या लावून सगळ्यांवर एकदमच रेघ मारली. म्हणजे चूक झालीच तर सगळ्यांत सारखी होईल आणि चौकट तरीही जुळेल. ड्रिलमध्ये प्रत्येकाने आपापली जागा शोधली तर रांग वाकडी होते, सगळे उजवीकडे बघून सरळ होतात तेव्हाच ती सरळ होते, तसेच हे. स्क्रूच्या जागी आधी बारीक गिरमिटाने भोक पाडायचे, म्हणजे लाकूड चिरत नाही, हेही त्यांनीच दाखवले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. वरच्या फळीला होल्डर बसवायचा होता आणि हवा जायला भोके पाडायची होती. ती मी चौकटीत अगदी घट्ट बसवली होती. ते म्हणाले, "सावन में फूलेगी।" लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, पण रुंदीत वाढते. मेमधल्या कोरड्या हवेत ते आक्रसलेले असते. घट्ट बसवलेली फळी पावसाळ्यात फुगून चौकटीच फोडील. म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर फट ठेवली आणि फळी फक्त मधोमध स्क्रूने धरली. मला ती फट आवडली नव्हती. चूक झाल्यासारखी दिसत होती.

विजेचे काम बाबांच्या समोरच करायचे ही त्यांची अट होती. साध्या बल्बची ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. लाकूड आणि कागदाच्या दिव्यात तो नकोच. आम्ही तीन वॉटचा पिवळसर एलईडी घेतला. त्यालाही बुडाशी थोडी उष्णता असते, म्हणून वरची भोके. आजीच्या उशाशी लोंबेल असा बेड स्विच लावला. बाबांनी विचारले, "स्विच कोणत्या वायरवर?" मी म्हणालो, "कोणत्याही. दिवा बंद होणारच." तेव्हा त्यांनी समजावले की स्विच न्यूट्रलवर लावला तर दिवा बंद दिसतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. दोन पिनांचा प्लग उलटाही बसतो, म्हणून आम्ही तीन पिनांचा घेतला आणि टेस्टरने सॉकेटही तपासले. दिव्याचे वजन साखळीवर ठेवले, वायरवर अजिबात नाही. वायर आजीच्या दारावरच्या झरोक्यातून बाहेर काढली. एकही भोक पाडावे लागले नाही.

पट्ट्या पॉलिश पेपरने घासताना काहींवर खोक्याच्या रंगाची अक्षरे राहिली होती. मी ती घासून काढणार होतो. आई म्हणाली, "राहू दे." ती बाजू आत घेतली. दिवा लागला की ट्रेसिंग पेपरमागे जाळीच्या पट्टीवर अर्धे 'तेजपूर' अंधूक दिसते.

सुट्टी संपायला चार दिवस असताना दिवा टांगला. रात्री मी जागाच होतो. दोनच्या सुमारास बटणाचा आवाज आला. पडवीत मऊ पिवळा उजेड पडला आणि पायरीची कड स्वच्छ दिसली. आजी भिंतीला हात न लावता उतरली, आणि परत येताना तशीच चढली. बटण पुन्हा वाजले. मी झोपलो असे तिला वाटले असावे.

सकाळी चहा घेताना मी आईला फेब्रुवारीतल्या घोट्याबद्दल सांगितले. ती थोडी रागावली. मग म्हणाली, "ठीक आहे. आता दोघांनीही सांगायचं."

ऑगस्टमधल्या एका रविवारी आई फोनवर म्हणाली, "दिव्यात पाखरं साठतात. खालचा तक्ता काढून झटकते. आणि वरची ती फट आता दिसतच नाही." म्हणजे फळी फुगली होती आणि चौकटी शाबूत होत्या. मग आजीने फोन घेतला आणि मी विचारायच्या आधीच सांगितले, "हात दुखतो थोडा, पावसाळी हवा आहे. रात्री दोनदा उठले. दोन्ही वेळा दिवा लावला."

मीही सांगितले की गणितात कमी गुण पडले आहेत. तेवढ्यात पाच मिनिटे संपली.